परसबाग : चाइव्हजचा दाटलेला ठोंब



पावसाने उघडीप दिली, विहिरींचे पाणी निवळले, आणि परसबागेच्या खऱ्या कामाचे दिवस आले. ह्या सदरासाठी आलेल्या पत्रांतून आज एकच पत्र निवडले आहे. ते खानापूरच्या बाजूच्या एका भगिनीचे आहे. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी एका जुन्या घमेल्यात लसणीच्या वासाच्या पातीचा ठोंब आहे. नऊ वर्षांपूर्वी तो त्यांनी माहेराहून आणला. आई आता हयात नाहीत. माहेरचे घरही विकले गेले, आणि तेथील परसात आज परक्यांची मोटार उभी असते. ठोंब तेवढा राहिला. परंतु गेली दोन वर्षे त्याची पाती दोऱ्यासारखी बारीक निघू लागली आहे, मधला भाग पिवळा पडून उघडा झाला आहे, आणि तीन वेळा खत घालूनही काही उपयोग झालेला नाही. ठोंब काढून फोडावा, असे शेजारच्या एका जाणत्या गृहस्थांनी सुचविले. पण मेला तर पुन्हा कोठून आणावयाचा, ह्या भीतीने ह्या भगिनीचा हात पुढे होत नाही.

उत्तर आधीच देऊन टाकतो : ठोंब फोडावा, आणि ह्याच महिन्यात फोडावा. फोडल्याने तो मरण्याची भीती फार थोडी. न फोडल्यास मात्र तो आणखी दोन पावसाळे काढील की नाही, ह्याची शंका आहे.

प्रथम ही वनस्पती कोणती, ते पाहू. कारण एकाच नावाखाली दोन निरनिराळी झाडे आपल्याकडे लावली जातात. युरोपात जिला 'चाइव्हज' म्हणतात, ती कांद्याच्या कुळातील सर्वांत नाजूक वनस्पती. तिची पात सुईसारखी बारीक, गोल व आतून पोकळ असते. फुले फिकट जांभळी आणि चव सौम्य कांद्याची. हे इंग्रजी नाव फ्रेंचमधून आले आणि मूळचा शब्द कांद्याला लॅटिनमध्ये जे 'सेपा' म्हणतात, त्याच्याशी जाऊन पोहोचतो. लिनीअसने 1753 साली तिचे शास्त्रीय नाव 'अ‍ॅलियम स्कीनोप्रासम' असे नोंदविले. ह्यातील दुसऱ्या शब्दात लव्हाळे व लीक अशा दोन ग्रीक शब्दांची सांगड आहे. लव्हाळ्यासारखी दिसणारी कांदापात, असे म्हणा ना! ही थंड प्रदेशातली कन्या. आपल्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात ती कोमेजते. बेळगावसारख्या अडीच हजार फूट उंचीच्या गावी अर्ध्या सावलीत ती कशीबशी उन्हाळा काढते. पण गोव्याच्या किनाऱ्यावर किंवा ग्वाल्हेरच्या लूमध्ये तिला जगविणे म्हणजे रोज्याचे दुखणे.

दुसरी वनस्पती म्हणजे लसणी चाइव्हज. हिची पात चपटी व भरीव असते, पोकळ नसते. वास स्पष्ट लसणीचा. पावसाळ्याच्या उत्तरार्धात उंच दांड्यावर पांढऱ्या चांदण्यांसारख्या फुलांचा झुबका येतो. चीनमध्ये ही भाजी फार प्राचीन काळापासून घरोघर आहे. मणिपुरात तिला 'मरोई नाकुप्पी' म्हणतात आणि तेथील रोजच्या जेवणात ती असते. ऊन, पाऊस, थोडी हेळसांड, हे सारे ती सोसते. पत्रासोबत कागदात गुंडाळून आलेले पान चपटे आहे, त्यावरून खानापूरचा ठोंब ह्या दुसऱ्या जातीचा, हे निश्चित. आपल्या प्रांतातील बहुतेक घरांनी हीच लावावी, असे माझे मत आहे. युरोपीय पाककृतींच्या पुस्तकात गोल पातीचे चित्र असते म्हणून तिच्यामागे लागण्यात अर्थ नाही.

ह्या दुसऱ्या जातीच्या शास्त्रीय नावाला आपल्या दक्षिणेशी एक धागा आहे, तो जाता जाता सांगतो. 'अ‍ॅलियम ट्यूबरोसम' ह्या नावापुढे शास्त्रज्ञ रॉटलर आणि स्प्रेंगेल अशी दोन नावे लिहितात. योहान पेटर रॉटलर हे स्ट्रासबर्गचे ल्यूथरपंथी धर्मोपदेशक 1776 साली तरंगंबाडीला आले, आयुष्यभर तमिळ प्रदेशात राहिले आणि 1836 साली मद्रासेत वारले. धर्मकार्याच्या जोडीने ते वनस्पती गोळा करीत, वाळवीत व युरोपातील विद्वानांकडे पाठवीत. त्यांनी योजिलेले हे नाव जर्मन शास्त्रज्ञ कुर्ट स्प्रेंगेल ह्यांनी 1825 साली छापून प्रसिद्ध केले. पंथ आपल्याहून वेगळा असला, तरी एका पाद्रीसाहेबांचे नाव आपल्या घमेल्यातल्या पातीला चिकटलेले आहे, ही गोष्ट मला तरी मोठी गोड वाटते.

आता ठोंब दाटतो म्हणजे नेमके काय होते, ते समजून घ्यावे. गवती चहा ज्यांच्या परसात आहे, त्यांना हे निम्मे ठाऊकच आहे. चाइव्हजच्या प्रत्येक पातीच्या बुडाशी एक बारीकसा कांदा असतो. लसणी जातीत हे कांदे जमिनीखालच्या एका आडव्या खोडाला चिकटलेले असतात. एकाचे दोन, दोहोंचे चार, असे कोंब दरवर्षी वाढत जातात. जमिनीत त्यांना बाजूला सरकावयास जागा मिळते. कुंडीत मिळत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मातीची जागा मुळांनी घेतलेली असते. वरून घातलेले पाणी ह्या मुळांच्या गादीत शिरत नाही, कडेने वाहून तळाच्या भोकातून निघून जाते. आपण समजतो की झाडाला पाणी पोहोचले. उन्हाळ्यात मधला भाग तहानेने सुकतो, आणि पावसाळ्यात तोच भाग महिनोन्‌महिने ओला राहून कुजतो. मधले कोंब सर्वांत जुने, त्यामुळे मरण्याची सुरुवात तेथूनच होते. अशा वेळी वरून खत घालणे म्हणजे गच्च भरलेल्या खोलीत आणखी ताटे वाढण्यासारखे आहे. उलट खताचे क्षार वरच्या थरात साचून पातीची टोके करपतात. खानापूरच्या ठोंबाची टोके करपली असल्याचे पत्रात लिहिले आहेच. झाड भुकेले नाही. त्याला जागा नाही.

जमिनीत लावलेला ठोंब तीन-चार वर्षांनी आणि कुंडीतला दर दोन वर्षांनी फोडावा, हा साधारण नियम. काळ कोणता, हे गावावर अवलंबून आहे. बेळगाव, गोवा व कोकणपट्टीत पाऊस संपल्यावर, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबर संपेपर्यंत, हे काम करावे. माती ओलसर असते, ऊन अजून बोचत नाही, आणि पुढे चार महिने थंडीचे मिळतात. इंदूर, ग्वाल्हेर व वडोदऱ्याच्या वाचकांनी ऑक्टोबरची उष्मा ओसरू द्यावी व महिन्याच्या उत्तरार्धात आरंभ करावा. तेव्हा जमले नाही तर फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. हैदराबादलाही तसेच. पहिल्या पावसात, जून महिन्यात, फोडण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. कमी पावसाच्या गावी ती चालते. आपल्या घाटमाथ्यावर मात्र ताज्या जखमांवर महिनाभर धार कोसळत राहिली, तर कुजण्याखेरीज दुसरे काय होणार? आणि एप्रिल-मे महिन्यांत कोणीही, कोठेही, ठोंबाला हात लावू नये.

फोडण्याच्या आदल्या सायंकाळी घमेल्याला भरपूर पाणी द्यावे. दुसऱ्या दिवशी सकाळी, किंवा उन्हे कलल्यावर, सर्व पात चार बोटे ठेवून कात्रीने कापून घ्यावी. ह्यात हळहळण्याचे कारण नाही. मुळे तुटल्यावर झाडाला पाणी ओढणे जड जाते. वर पात लांब ठेवली तर तीच पाणी उडवून झाडाला सुकवून टाकते. कापलेली पात त्या दिवशीच्या थालिपिठात जाईल.

मग घमेले आडवे करून बाजूंवर हाताने थापटावे. नऊ वर्षांचा ठोंब सुखासुखी सुटणार नाही. जुनी सुरी कडेने फिरवून तो मोकळा करावा, पण पात धरून ओढू नये. बाहेर आल्यावर तळाशी काथ्यासारखी विणलेली मुळांची गादी दिसेल. ती पाहून घाबरू नये. ठोंब बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावा आणि हलवून हलवून माती धुऊन काढावी. ही पायरी पुष्कळ जण गाळतात; पण माती गेल्याशिवाय कोंब कोठे जोडलेले आहेत, ते दिसत नाही, आणि मग सुरी भलतीकडे चालते.

आता दोन्ही हातांचे अंगठे मध्ये घालून ठोंब उकलावा. बहुतेक ठिकाणी तो आपणहून सुटतो. आडवे खोड कठीण झाले असेल तेथे धारदार सुरीने, आणि तीही आधी कढत पाण्यात बुडवून घेऊन, एकाच घावात कापावे. ज्यांचे बूड पांढरे व घट्ट आहे, ते कोंब ठेवावे. मधले तपकिरी, पोकळ किंवा बोटाने दाबताच पिचणारे जे निघतील, ते निःसंकोच टाकून द्यावे. माहेरचे असले तरी. निरोगी कोंबांच्या सहा-सहा, आठ-आठांच्या जुड्या कराव्या. एकटा कोंबही जगतो, पण त्याला भरण्यास वर्ष लागते; उलट वीस-पंचवीसांची जुडी लावली, तर दोन वर्षांत पुन्हा हाच प्रश्न उभा राहील. मुळे चार बोटे ठेवून छाटावी. ह्या एका घमेल्यातून दहा-बारा जुड्या सहज निघाव्यात.

आणि एवढे सांगूनही ज्यांचा धीर होत नाही, त्यांच्यासाठी एक मधला मार्ग आहे. ठोंब बाहेर काढूच नये. भाकरीचा चतकोर तोडावा, तसा कडेचा चौथा हिस्सा तीक्ष्ण खुरप्याने मुळांसकट कापून घ्यावा आणि तेवढाच फोडून लावावा. मोकळ्या झालेल्या जागी नवी माती भरावी. लावलेल्या जुड्यांना नवी पात फुटली, की महिन्याभराने उरलेल्याकडे वळावे. वेळ अधिक जातो, पण हातात नेहमी काहीतरी जिवंत राहते. ज्या भगिनीच्या पत्रावरून हे लिहीत आहे, तिने हाच मार्ग धरावा, असे मी सुचवीन. मधला उघडा भाग मात्र पुढील पावसाळ्यापर्यंत तसाच ठेवू नये.

माती कशी असावी? पाणी धरणारी, पण तुंबू न देणारी. दोन वाटे बागेतली माती, एक वाटा पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक वाटा नदीची जाड वाळू, हे मिश्रण बहुतेक ठिकाणी चालते. बेळगावच्या पूर्वेकडील व इंदूरकडील काळी माती चिकट असते, तीत वाळू अधिक घालावी. गोव्याची जांभ्याची तांबडी माती आंबट असते. तीत कुंडीमागे मूठभर चुलीची राख मिसळावी, त्याहून अधिक नाही. समुद्रावरची वाळू आणू नये, तिच्यातील मिठाने पात जळते. कुंडी वीतभर खोल असली तरी पुरे, परंतु रुंद असावी, आणि भोकांवर खापऱ्या ठेवाव्या. जमिनीत दोन जुड्यांमध्ये वीतभर अंतर सोडावे. पूर्वी जेवढा भाग मातीत होता, तेवढाच पुन्हा मातीत जावा. खोल पुरल्यास बूड कुजते.

लावल्यावर पाणी द्यावे आणि आठ दिवस आंब्याच्या किंवा छपराच्या सावलीत ठेवावे. जुनी पात पिवळी पडेल. ती पडू द्यावी. दोन आठवड्यांच्या आत मधून हिरवी टोके दिसू लागतात. मग हळूहळू उन्हात न्यावे. दिवसाचे चार-पाच तास ऊन मिळाले म्हणजे झाले. पहिला महिना खत नको. पहिली कापणी दीड महिन्याने, आणि तीही सर्व पात एकदम नव्हे. पुढे दर तीन-चार आठवड्यांनी दोन बोटे बूड ठेवून कापीत राहावे व कापणीनंतर पातळ शेणकाला द्यावा. केवळ टोके खुडण्याची सवय बरी नव्हे. राहिलेली खुंटे राठ होतात. फुलांचे दांडे कळी असतानाच काढले, तर झाडाचे बळ पातीत राहते, आणि त्या कळ्याही खाता येतात. बियांसाठी एखादाच दांडा ठेवावा. वाळून पडलेल्या बियांचे रान माजते, आणि मग तेच दाटणे कुंडीबाहेर सुरू होते.

कीड फारशी नाही. कोरड्या हवेत पातीवर चंदेरी ओरखडे दिसले, तर ते फुलकिड्यांचे काम समजावे. पात बुडापासून कापून टाकावी, पाण्याचा फवारा मारावा आणि गरज पडल्यास लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल साबणाच्या थेंबांसह मिसळून सायंकाळी फवारावे. नारिंगी पुटकुळ्या हा तांबेरा. तशी पात जाळावी, खतात टाकू नये.

एका धोक्याविषयी मात्र सविस्तर लिहिलेच पाहिजे. पावसाळी लिली म्हणून जी छोटी फुलझाडे आपल्या अंगणांत कुंड्यांच्या कडेने लावलेली असतात, त्यांतील पांढऱ्या फुलांच्या जातीची पात लसणी चाइव्हजच्या पातीशी फार मिळतीजुळती दिसते. ती झाडे विषारी आहेत. विशेषतः त्यांचे कंद. पोटात गेल्यास ओकाऱ्या व जुलाब होतात, लहान मुलांना त्रास अधिक. फुले असताना ओळख सोपी आहे : लिलीच्या दांड्यावर एकच मोठे फूल, चाइव्हजच्या दांड्यावर पुष्कळ बारीक फुलांचा झुबका. फुले नसताना एकच परीक्षा विश्वासाची. पान बोटांत चुरडून वास घ्यावा. लसणीचा वास आला नाही, तर ते पान स्वयंपाकघरात आणू नये. मात्र ही परीक्षा एकेका झाडाची करावी. एकदा लसणीचा वास लागलेल्या बोटांना पुढचे प्रत्येक पान लसणीचेच वाटते, म्हणून मध्ये हात धुवावे. आणि सर्वांत बरे म्हणजे, ही दोन झाडे एका कुंडीत किंवा शेजारीशेजारी कधीच लावू नयेत. भाजी तोडण्यास मुलांना पाठविणाऱ्या घरांनी हे विशेष ध्यानी धरावे. कुत्र्या-मांजरांना कांदा-लसणीचे सगळेच कूळ बाधते, त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी त्याने फुटतात. तेव्हा पात घातलेले उरलेले अन्न त्यांच्या ताटलीत टाकू नये.

स्वयंपाकाविषयी थोडेच. लसणीचा वास अखंड पानात तयार नसतो. पान चिरले म्हणजे त्यातील दोन द्रव्ये एकत्र येऊन तो निर्माण होतो, आणि फार शिजविल्यास उडून जातो. म्हणून पात बारीक चिरून आमटीत, अंड्याच्या पोळीवर किंवा उकडलेल्या बटाट्यावर शेवटी घालावी. वडोदऱ्याचे वाचक थंडीत जो हिरवा लसूण आणतात, तो निराळा. तो कोवळा लसूणच असून मुळासकट उपटला जातो. ही पात कापली की पुन्हा येते.

नवे बी विकत घेणाऱ्यांना दोन सूचना. दुकानात 'लसूणघास' मागू नका. ते गुरांच्या चाऱ्याचे, म्हणजे ल्यूसर्नचे, नाव आहे, आणि दुकानदार प्रामाणिकपणे तेच देईल. दुसरे, चाइव्हजच्या काळ्या बियांची उगवण्याची शक्ती वर्षभरात घटते. पाकिटावरील तारीख पाहावी. बी उगवण्यास दोन-तीन आठवडे लागतात आणि कापण्याजोगी पात होण्यास बरेच महिने. कोणाकडून जुडी मिळत असेल, तर बियांच्या वाटेला जाऊच नये.

ह्यावरून शेवटची गोष्ट. दहा-बारा जुड्या निघाल्या म्हणजे त्या सर्व आपल्या दाराशी ठेवू नयेत. दोन बहिणीकडे, एक भावजयीकडे, एक पलीकडच्या गल्लीत, अशा पाठवाव्या. एका घरचा ठोंब रोगाने किंवा विसरभोळ्या हाताने गेला, तर दुसऱ्या घरून परत आणता येतो. मेला तर कोठून आणावयाचा, ह्या प्रश्नाला माझ्यापाशी ह्याहून चांगले उत्तर नाही. शेजाऱ्यांना देताना मात्र ही कांदा-लसणीच्या कुळातील आहे, हे स्पष्ट सांगावे. आपल्या भागात जैन कुटुंबे पुष्कळ आहेत, ती कांदा-लसूण मुळीच खात नाहीत. इतर शेजाऱ्यांपैकी अनेक घरांत कांदेनवमीनंतर चातुर्मासभर ते वर्ज्य असते. 'गवतासारखी एक सुगंधी पात' एवढेच सांगून कोणाच्या हाती ती देणे बरे नव्हे. दूर गावी पाठवावयाची असल्यास मुळे ओल्या फडक्यात गुंडाळून वर केळीचे पान बांधावे. अशी जुडी तीन-चार दिवसांचा प्रवास सहज सोसते. कागदी पिशवीवर झाडाचे नाव व फोडल्याची तारीख लिहावी, म्हणजे ज्यांच्याकडे ती जाईल त्यांना पुढच्या फोडणीचे वर्ष मोजता येईल.